जुनी स्कूटर घेणाऱ्या पुतण्यास

चि. माधव यास काकाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

जुनी टू-स्ट्रोक बजाज चेतक घेण्याचे तू मनात आणले आहेस, परंतु यंत्रातले आपणांस ओ का ठो कळत नाही म्हणून पाऊल मागे घेतोस, असे तुझ्या पत्रावरून दिसते. तुझी भीती अनाठायी नसली तरी तिचा रोख चुकला आहे, एवढे सांगण्यासाठी हे पत्र.

नवखा मनुष्य इंजिनाला भितो आणि रंगाला भुलतो. वास्तविक या इंजिनात झडपांची गुंतागुंत नाही, आणि पिस्टन, रिंगा, क्लचप्लेटा, केबली झिजल्या तरी जाणता मिस्त्री त्या बदलून देतो. परंतु या गाडीला निराळी चौकट नसून दाबून घडवलेला पत्रा हाच तिचा सांगाडा असल्यामुळे, तो गंजाने पोखरला की नव्या रंगाने वैगुण्य तेवढे झाकले जाते, बळ परत येत नाही. म्हणून पायाखालची रबरी चटई स्वतः उचल, गाडी कलती करून तळाचा पत्रा ठोकून पाहा, आणि खिशात लहानसा लोहचुंबक ने. तो जेथे चिकटणार नाही तेथे रंगाखाली लांबी भरली आहे, असे खुशाल समज.

गाडी पाहावयास गेल्यावर प्रथम इंजिनाला हात लावून ते थंड असल्याची खातरजमा कर, कारण आधीच तापवून ठेवलेली गाडी पहिल्या किकेला सुरू होते व मूळ दोष लपून राहतो. आरंभी थोडा धूर येणे हा टू-स्ट्रोकचा धर्मच आहे. गाडी तापल्यावरही तो दाट पांढरा राहिला, तर ऑइल सील जाऊन गिअरचे तेल आत ओढले जात असल्याचा संशय घ्यावा.

कागदपत्रांची रुजवात याहूनही दक्षतेने कर. आर.सी. बुकातील चॅसिस व इंजिन क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी ताडून पाहा, आणि कर्जाचा बोजा असल्यास तो उतरल्याची नोंद माग. चेतकचे हे जुने उत्पादन 2006 च्या सुमारास थांबल्यामुळे, तू पाहशील त्या गाडीची नोंदणीची 15 वर्षांची मूळ मुदत सरलेलीच असणार; तेव्हा पुढील 5 वर्षांचे नूतनीकरण झाले आहे की नाही, हे पाहिल्यावाचून बयाणाही देऊ नकोस. नमुना 29 व 30 यांवर विक्रेत्याची सही घेऊन हस्तांतरणाची नोंद आर.टी.ओ.त होईपर्यंत, गाडी तुझ्या दारात उभी असली तरी सरकारदप्तरी ती परक्याचीच राहते.

पुढे लिटरमागे 20 मिलिलिटर टू-टी तेल घालणे, प्लग काढून काजळी घासणे, ही कामे मिस्त्रीवर न टाकता स्वतः करीत जा. यंत्राचे ज्ञान आधी संपादून मग गाडी घेणारा मनुष्य माझ्या पाहण्यात नाही. ते गाडी बाळगताबाळगताच अंगी येते. पत्रा व कागद निर्दोष असतील, तर इंजिन कुरकुरत असले तरी भाव थोडा पाडून गाडी घेऊन टाक. दोहोंपैकी एकही सदोष असेल, तर किंमत कितीही उतरली तरी हात जोडून परत ये.

कळावे. लोभ आहेच.

तुझा,
काका