हॅन्डल लॉकच्या भरवशावर

मंडईत, स्टेशनवर, दवाखान्याबाहेर गाडी लावताना आपण दोनदा मागे वळून बघतो. घरी आलो की स्टँडवर घेतली, हॅन्डल मुरडलं, किल्ली काढली, झालं. चोराचा हिशेब नेमका उलटा असतो. मंडईतल्या गाडीचा मालक कधी टपकेल याचा नेम नाही. घरची गाडी मात्र रोज त्याच खांबाशेजारी, रात्रीच्या जेवणापासून सकाळच्या चहापर्यंत हमखास उभी. दोन-चार फेऱ्या मारल्या की त्याला आपलं वेळापत्रक पाठ होतं.

आमची सोसायटी पुण्यात, सिंहगड रस्त्यावर. जुनी, तीन मजली, खाली पार्किंग, फाटकाला नुसती कडी. माझी सव्वाशे सीसीची गाडी तिथूनच गेली, आणि हॅन्डल लॉक लावलेलं असताना गेली. समोरच्या किराणा दुकानाच्या कॅमेऱ्यात सगळं दिसतं. दोन पोरं आत येतात. एकजण सीटवर बसतो, हॅन्डल धरून अंगाचा सगळा जोर लावून एक हिसका देतो आणि उतरतो. बस्स, तेवढंच. मग गाडी ढकलत फाटकाबाहेर. बाहेर जोडीदार दुसऱ्या गाडीवर तयार. तो पाय लावून माझ्या गाडीला टोचन देतो आणि दोघं हायवेकडे निघून जातात. समोरून सायकलवर दूधवाला येतो. तो बघतसुद्धा नाही, आणि त्याचं चुकलं असं मला वाटत नाही. पहाटे कुणाचं तरी पेट्रोल संपलंय, दुसरा कुणी पाय लावून ढकलतोय, हे आपल्याकडे रोजचं दृश्य.

त्या चित्रणात मला सगळ्यात खटकलं ते हे की, इंजिन एकदाही सुरू होत नाही. किल्ली, चोरस्विच, पेट्रोलचा कॉक या सगळ्या तटबंद्या गाडी सुरू करू पाहणाऱ्यासाठी. (कॉकचा उपाय तसाही संपला, 2020च्या एप्रिलपासून आलेल्या बीएस-6 इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांना तो नसतोच.) चोराला गाडी चालवायची घाई नसते, आपल्या गल्लीतून हलवायची असते. जेमतेम सव्वाशे किलोचा ऐवज, खाली दोन चाकं लावलेला. तेव्हा खरा प्रश्न गाडी बंद कशी ठेवायची हा नाही, जमिनीला कशी बांधायची हा आहे.

फॅब्रिकेटरकडून जाड सळईचा यू आकाराचा आकडा करून घ्या आणि तो पार्किंगच्या कोब्यात खोलवर काँक्रीट करून पुरा. सोसायटीची परवानगी लागेल. मीटिंगमध्ये कुणीतरी पाय अडखळण्याची तक्रार करणारच, म्हणून जागा भिंतीलगतची निवडा. आकडा शक्य नसेल तर खांब, जिन्याचा पक्का लोखंडी कठडा, काहीही चालेल, फक्त ते स्वतः उखडणारं नको. साखळी कडक पोलादाची, जाड कड्यांची घ्या. सायकलवाल्याकडे मिळणारी प्लॅस्टिकचं आवरण असलेली बारीक केबल कटरच्या एका चाव्यात तुटते. साखळी गाडीच्या सांगाड्यातून घाला, ते जमत नसेल तर मागच्या चाकातून. नुसत्या पुढच्या चाकात घातली तर चाक तुमच्याकडे राहील आणि बाकीची गाडी जाईल. आणखी एक बारकी गोष्ट मला कुलपं दुरुस्त करणाऱ्या एका काकांनी दाखवली: साखळी आणि कुलूप जमिनीवर टेकू देऊ नका. खाली फरशी मिळाली की तीच ऐरण होते आणि हातोड्याचे घाव बरोबर बसतात. कुलूप अधांतरी, भोक खालच्या बाजूला. आता तोडायची झाली तर ग्राइंडर लागतो, आणि पहाटे तीन वाजता ग्राइंडरच्या आवाजाला अख्खी इमारत गॅलरीत येते.

डिस्क लॉक जोडीला जरूर लावा, पण एकट्याच्या भरवशावर राहू नका. दोघांनी पुढचं चाक उचलून धरलं की गाडी टेम्पोपर्यंत जाते. त्याची भडक रंगाची दोरी हॅन्डलला अडकवून ठेवा, नाहीतर सकाळच्या घाईत तुम्हीच निघाल आणि गाडी जागेवर पालथी.

कव्हरबद्दल दोन मतं आहेत. चोराला आडोसा मिळतो म्हणतात. मी कव्हर घालतो. आत काय आहे आणि किती साखळ्या आहेत हे उघडल्याशिवाय कळत नाही, आणि उघडायला थांबावं लागतं. जीपीएस ट्रॅकरही चांगला, मात्र त्यातल्या सिमचा रिचार्ज कोण लक्षात ठेवतो? गाडी बरेच दिवस उभी राहिली तर तो बॅटरीही खातो. ट्रॅकरमुळे चोरी थांबत नाही, शोध सोपा होतो. कॅमेऱ्याचंही तेच. आमच्या सोसायटीचा कॅमेरा इतका उंच लावला होता की त्यात दोन टोप्या दिसल्या. फाटकाशी, चेहऱ्याच्या उंचीच्या जवळपास एक तरी कॅमेरा हवा, डीव्हीआरचं घड्याळ बरोबर हवं, आणि जुन्या चित्रणावर नवं चढायच्या आत कॉपी काढून घ्यायला हवी.

आता कागदपत्रं. इथे लोक गाडीपेक्षा जास्त गमावतात.

चोरी कळताक्षणी 112ला फोन करा आणि पोलीस ठाण्यात जा. 'आधी आजूबाजूला शोधा, अर्ज देऊन ठेवा' असं मलाही ऐकवलं गेलं. अर्जावर भागवू नका, एफआयआरच मागा. 1 जुलै 2024पासून चोरीला भारतीय न्याय संहितेचं कलम 303 लागतं, आणि एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत द्यायची असते. इंजिन आणि चॅसी नंबर तोंडपाठ कुणाचेच नसतात. आरसी बुक सीटखालच्या खणात असेल तर तेही गाडीबरोबर गेलेलं असतं. मूळ कागद घरात, सोबत डिजिलॉकर.

त्याच दिवशी विमा कंपनीला लेखी कळवा. एफआयआर लगेच केली असेल तर निव्वळ कंपनीला उशिरा कळवलं म्हणून दावा नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020मध्ये स्पष्ट केलंय. पण तिथपर्यंत भांडत जाण्यापेक्षा एक ईमेल स्वस्त. कंपनी दोन्ही किल्ल्या मागते. आमच्याकडे दुसरी किल्ली देवघराच्या खणात होती म्हणून निभावलं. वरच्या मजल्यावरच्या जोशीकाकूंच्या मुलाची हरवली होती, त्याचा पत्रव्यवहार वाचण्यासारखा आहे. पुढे तपास लागला नाही की पोलीस न्यायालयात 'अ' समरी पाठवतात, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही. ती मंजूर झाल्याचा कागद बहुतेक कंपन्यांना लागतो, आणि त्यासाठी हेलपाटे आपणच घालायचे.

त्याआधी पॉलिसी उघडून वाचा. सप्टेंबर 2018पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा विमा सक्तीचा झाला, तो फक्त थर्ड पार्टी. चोरीची भरपाई 'ओन डॅमेज'मध्ये येते आणि तो भाग बऱ्याचदा एकाच वर्षाचा असतो. 'माझा पाच वर्षांचा विमा आहे' म्हणणाऱ्या दहाजणांना तारीख बघायला सांगा, निम्म्यांचे चेहरे पडतील. मिळते तीही किंमत घसारा वजा करून: प्रचलित तक्त्यात दुसऱ्या वर्षी वीस टक्के, पाचव्या वर्षी पन्नास.

गाडी गेल्यावरही नोंदणीचा मोबाइल नंबर बंद करू नका. मला काही महिन्यांनी विनाहेल्मेटचं चलन आलं, दुसऱ्या जिल्ह्यातलं, फोटोसकट. गाडी माझी, चालवणारा अनोळखी. असं चलन रागाने खोडू नका आणि मुकाट भरूही नका. त्याची प्रत तपास अधिकाऱ्याकडे द्या, कारण त्यावर जागा आणि वेळ दोन्ही छापलेली असते. मग एफआयआर जोडून चलनाविरुद्ध तक्रार नोंदवा आणि आरटीओलाही चोरीचं पत्र देऊन पोच घ्या, म्हणजे तुमच्या नावावरून गाडी परस्पर दुसऱ्याच्या नावावर चढायला अटकाव होतो.