सुई टोचलीस की घड्याळ बघ

सोनल, तालुक्याच्या दवाखान्यात रुजू होते आहेस, तर भुलीच्या इंजेक्शनांबद्दल चार गोष्टी सांगून ठेवतो. डोस तुला पाठ आहेतच. गोठ्यात गडबड होते ती दुसरीकडेच.

शिंगाचा कॅन्सर झालेला बैल घे, चारशे किलोचा. झायलाझिन मांसात द्यायचं तर किलोला ०.१ मिलिग्रॅम, म्हणजे ४० मिलिग्रॅम. मिलिला २० मिलिग्रॅमची बाटली असेल तर सिरिंजमध्ये २ मिलि. घोड्यासाठीची १००ची बाटली हाताला लागली, तर त्याच २ मिलित पाचपट औषध. आणि घोड्याला लागतं त्याच्या साधारण दहाव्या भागात गाय-बैल आडवे होतात! म्हणून भरण्याआधी बाटलीवरचा आकडा मोठ्याने वाच, मदतनिसाला ऐकू जाईल असा.

टोचल्यावर दहा-पंधरा मिनिटं बैलाला कुणी हात लावायचा नाही. पोरं हाकल, कुत्रं बांधायला सांग. बुजलेल्या जनावराला गुंगी नीट चढत नाही. पाचव्या मिनिटाला मालक म्हणणारच, "मॅडम, अजून पडंना की, आणखी थोडं द्या." देऊ नकोस. पहिला डोस चढायच्या आत दुसरा दिलास, तर पुढे श्वास मोजत बसशील. शिवाय गुंगीने वेदना जातेच असं नाही. डोळ्याचा बाहेरचा कोपरा आणि शिंगाचं बूड यांच्या मधोमध, हाडाच्या कडेखाली लिग्नोकेन देऊन नस बधिर कर. ते नीट जमलं की झायलाझिन कमीत भागतं.

वैरण आदल्या दिवसापासून बंद, पाणी रात्रीपासून. तरी पोट फुगतं, लाळ गळते. आडवा पाडलास की भुशाचं पोतं मानेखाली सरकव, डोक्याखाली नव्हे. घसा वर, नाकाड खाली. मग लाळ आणि पोटातून वर आलेलं पाणी बाहेर वाहतं, फुफ्फुसात उतरत नाही. काम आटोपलं की त्याला छातीवर बसतं कर, ढेकर निघू दे. गाय शेवटच्या महिन्यांतली गाभण असेल तर झायलाझिन नकोच, गाभ पडायची भीती असते. शेळीला ते बेतानंच, आणि लिग्नोकेनही पातळ करून.

कुत्र्याचं वजन नजरेनं ठरवू नकोस. मालकाला कुत्र्यासकट काट्यावर उभं कर आणि मालकाचं वजन वजा कर. केटामाइन एकटं देऊ नये. अंग ताठरतं, झटकेही येतात. जोडीला झायलाझिन किंवा डायझेपाम हवं. केटामाइनमध्ये डोळे उघडेच राहतात, त्यांत मलम घाल. डोळे उघडे दिसले म्हणून भूल कमी पडली असं समजू नकोस. २०१३ पासून ते शेड्युल एक्समध्ये आहे, तेव्हा कपाटाला कुलूप आणि बाटली-बाटलीचा हिशोब.

थायोपेंटोन शिरेबाहेर गेलं तर कातडी सडते. कॅन्युला लावल्याशिवाय हात घालू नकोस. कारवानी कुत्र्याला तर ते टाळच, अंगावर चरबी नसल्यानं शुद्धीवर यायला फार वेळ लागतो. प्रोपोफॉल सावकाश दे, भरकन दिलंस तर श्वास थांबतो. उरलेलं दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नकोस, त्यात जंतू झपाट्यानं वाढतात.

आणि सुईचं टोपण दातांनी काढायची सवय आमच्या पिढीत पुष्कळांना होती, ती उचलू नकोस. झायलाझिन माणसालाही झोपवतं. चुकून टोचलंच, तर स्वतः गाडी चालवायची नाही. कुणाला तरी सोबत घे आणि बाटली घेऊनच माणसांचा दवाखाना गाठ.