इथेनॉल-फ्री पेट्रोल भरावं का? आधी प्रति किलोमीटर हिशोब करा!



धंद्यासाठी गाडी वापरणारे बरेच जण सध्या एकच प्रश्न विचारतात : "सर, ई-२० पेट्रोलने ॲव्हरेज कमी झालं. इथेनॉल-फ्री पेट्रोल भरू का?" व्हिडिओत आपण हिशोब भराभर केला होता. इथे तो सावकाश करू. वही-पेन घेऊन बसा.

आधी समजून घ्या : ई-२० म्हणजे काय?

ई-२० म्हणजे ८० टक्के पेट्रोल आणि २० टक्के इथेनॉल. हे इथेनॉल उसाची मळी, उसाचा रस, मका, तुकडा तांदूळ यांपासून तयार होतं. कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडच्या वाचकांना कारखान्याची डिस्टिलरी काही नवी नाही. देशात ई-२० ची विक्री फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाली आणि २०२५ पर्यंत साध्या पेट्रोलच्या नोझलमधून तेच मिळू लागलं. इथेनॉल-फ्री पेट्रोलचा पर्याय द्यावा, अशी मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली.

म्हणजे निवड उरते ती साधं ई-२० आणि काही मोजक्या पंपांवर मिळणारं १०० ऑक्टेनचं महाग पेट्रोल यांत. एक लक्षात ठेवा, "प्रीमियम" लिहिलेलं प्रत्येक पेट्रोल इथेनॉल-फ्री नसतं. पैसे देण्याआधी पंपावर स्पष्ट विचारा.

ॲव्हरेज खरंच कमी होतं का?

होतं. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. मग २० टक्के मिसळल्यावर एकूण ऊर्जा ६-७ टक्क्यांनी घटते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातला अंदाज असा : मूळ शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई-१० साठी जुळवलेल्या चारचाकीत ६-७ टक्के घट, तर ई-१० साठी बनवून ई-२० साठी जुळवलेल्या चारचाकीत १-२ टक्के.

आता हिशोब

समजा, तुमचा मसाल्यांचा धंदा आहे. दुकानांत माल पोचवायला २०१५ ची सेकंडहँड पेट्रोल व्हॅन आहे, महिन्याला १,५०० किलोमीटर धावते. साधं पेट्रोल १०५ रुपये आणि इथेनॉल-फ्री १६० रुपये लिटर धरू. तुमच्या गावचे दर टाकून आकडे बदला.

• ई-२० वर ॲव्हरेज १४. १०५ ÷ १४ = ७.५० रुपये प्रति किमी
• इथेनॉल-फ्रीवर ॲव्हरेज १५. १६० ÷ १५ = १०.६७ रुपये प्रति किमी

फरक ३.१७ रुपये. महिन्याला सुमारे ४,७५० आणि वर्षाला ५७,००० रुपये! एक किलोमीटर जादा ॲव्हरेजसाठी एवढे पैसे खिशातून जाणार.

मग किती दरापर्यंत परवडेल? सूत्र सोपं आहे : साध्या पेट्रोलचा दर × (१५ ÷ १४). उत्तर ११२.५० रुपये. म्हणजे लिटरमागे साडेसात रुपयांपर्यंत जादा दिले तर चालेल, ५५ रुपये नाही. नवीन गाडीत फरक १-२ टक्केच, म्हणून तिथे एक-दोन रुपयांपेक्षा जास्त जादा देणं परवडत नाही.

"पण सर, इंजिन खराब झालं तर?"

प्रश्न रास्त आहे. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं आणि जुन्या रबराला मानवत नाही. एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गाड्यांचे भाग ई-२० ला चालतील असे बनवलेले आहेत. तुमची गाडी त्याआधीची असेल तर :

१. गाडीचं मॅन्युअल आणि पेट्रोलच्या झाकणाजवळचं स्टिकर बघा. ई-१० की ई-२०, ते तिथे असतं.
२. पुढच्या सर्व्हिसिंगला मेकॅनिककडून पेट्रोलचे रबरी पाईप, सील आणि फिल्टर तपासून घ्या. भेगा पडलेला पाईप लगेच बदला. गळती म्हणजे आगीचा धोका, तिथे काटकसर नको.
३. वर काढलेल्या ५७,००० मधला छोटा हिस्सा दरमहा देखभालीसाठी बाजूला ठेवा.

मग इथेनॉल-फ्री कधी घ्यावं?

गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तेव्हा विचार करा. आंब्याच्या हंगामात धावणारी आणि पावसाळाभर शेडमध्ये असणारी गाडी घ्या. ओलावा जास्त झाला की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन टाकीच्या तळाशी बसतं. अशा वेळी टाकी जवळपास संपवून १० लिटर इथेनॉल-फ्री भरलं, तर जादा खर्च ५५० रुपये. टाकी आणि इंजेक्टर साफ करण्यापेक्षा हे परवडू शकतं. त्याहून स्वस्त उपाय म्हणजे दर पंधरा दिवसांनी गाडी १०-१५ किलोमीटर फिरवणं आणि पेट्रोल जुनं होऊ न देणं.

खरा तोटा कुठे लपलाय?

शुद्ध पेट्रोलवर ॲव्हरेज १५ होतं तेव्हा याच दराने खर्च ७ रुपये प्रति किमी झाला असता. आता साडेसात. पन्नास पैसे छोटे वाटतात, पण १,५०० किलोमीटरला ७५० आणि वर्षाला ९,००० रुपये होतात. तुम्ही डिलिव्हरी चार्ज जुन्या ॲव्हरेजवर लावला असेल, तर ही रक्कम दरवर्षी तुमच्या नफ्यातून गुपचूप निघून जाते. पेट्रोल बदलून ती परत येणार नाही. दरपत्रक बदलावं लागेल.

आजचा गृहपाठ

टाकी फुल्ल करा, मीटर लिहा. पुन्हा फुल्ल करा, किती लिटर बसलं ते लिहा. धावलेले किलोमीटर भागिले लिटर. असं तीनदा करून सरासरी काढा, कारण एका वेळच्या आकड्यात ट्रॅफिक, एसी आणि मालाचं वजन मिसळलेलं असतं. त्या सरासरीवर प्रति किमी खर्च काढा आणि दरपत्रकाशी ताडून बघा.

पंपावरचा दर लिटरचा असतो, तुमचा धंदा मात्र किलोमीटरवर चालतो. हिशोब किलोमीटरचाच ठेवा.

भेटूया पुढच्या भागात!