सातपुड्यातील मोह आणि वटवाघळे

जळगाव जिल्ह्यातील यावल-चोपड्यापासून धुळे जिल्ह्यातील शिरपूरपर्यंत सातपुड्याच्या रांगेत मार्च-एप्रिलच्या सुमारास मोह फुलतो. येथील भिल्ल, पावरा, तडवी कुटुंबे ही फुले वेचतात. पुढे बियांपासून तेल काढतात. रात्री फुलांवर उतरणारी वटवाघळे पुष्कळांना या उत्पन्नातील चोर वाटतात. हा समज तपासून पाहण्यासारखा आहे.

मोहाचे फूल रात्री उमलते. स्त्रीकेसराचे टोक पाकळ्यांच्या आधी बाहेर डोकावते. पुंकेसर आत दडलेले असतात. वटवाघूळ गोड, मांसल पाकळ्यांचा भाग ओढून खाते, तेव्हा परागकण त्याच्या तोंडाला चिकटतात व पुढच्या झाडावरील स्त्रीकेसराला लागतात. पाकळ्यांबरोबर पुंकेसर निघून जातात, बीजांडकोश मात्र फांदीवरच राहतो. फूल खाल्ले गेले तरी फळ धरते, ते असे. पिकलेली फळे दूर नेऊन बिया टाकण्याचे कामही हाच प्राणी करतो.

दिवसा पळसावर असेच काम जांभळा शिंजीर करतो. अमेरिकेतील हमिंगबर्ड भारतात नाहीत. त्यांची जागा येथे शिंजिरांनी घेतली आहे.

1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात फळे खाणारी वटवाघळे उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती. 2022 च्या दुरुस्तीने ती यादीच वगळण्यात आली. मोठी वटवाघळे दिवसा गावातील वड-चिंचांवर लटकतात आणि रात्री कित्येक किलोमीटर उडतात. त्यामुळे असे झाड तोडण्याचा प्रस्ताव ग्रामपंचायतीपुढे आल्यास त्याचा संबंध दूरच्या डोंगरातील मोहाशीही पोहोचतो.