पाकिटातली भेंडी भाजीत धरू नका

"रोज भाजी खाता ना?" या प्रश्नाला दवाखान्यात हल्ली एक नवं उत्तर मिळतं. "हो डॉक्टर, भेंडीचे चिप्स असतात घरात. बीट, रताळं, कारलं, सगळ्याचं मिक्स पण आणतो." सांगणारा खोटं बोलत नसतो. बटाट्याचे वेफर्स सोडून आपण भाजीकडे वळलो, असं त्याला मनापासून वाटतं. पाकिटावर हिरवीगार भेंडी छापलेली असते, खाली 'मैदा नाही, प्रिझर्व्हेटिव्ह नाही' असं लिहिलेलं असतं. मग बीपीवाले, शुगरवाले, वजन कमी करायला निघालेले, सगळे निर्धास्तपणे मूठ-मूठ खातात. हा गैरसमज काही केल्या जात नाही, म्हणून आज त्यावरच लिहितो.

ताज्या भेंडीत 100 ग्रॅममागे जवळजवळ 90 ग्रॅम पाणी असतं आणि ऊर्जा जेमतेम 30-35 किलोकॅलरी. चिप्स करायचे म्हणजे हे पाणी घालवायचं. व्हॅक्यूम फ्रायिंगमध्ये हवेचा दाब कमी करून कमी तापमानाच्या तेलात भाजी तळतात. त्यामुळे पाणी लवकर उडतं, भाजी करपत नाही, हिरवा रंग टिकतो. नेहमीच्या तळणापेक्षा ही पद्धत बरी, हे मान्य. भाजीतला चोथाही शिल्लक राहतो. पण पाणी गेलं त्या जागी तेल शिरतं आणि वरून मीठ-मसाला भुरभुरतात. आपण खातो ते तळणच.

मागे साठीतल्या एक काकू आल्या होत्या. बीपी बरीच वर्षं दोन गोळ्यांवर छान आटोक्यात होतं, ते एकदम 170/100. संध्याकाळी पाय सुजायचे, चपलेचा पट्टा रुतायचा. लोणचं, पापड, फरसाण बंद केलेलं. "मीठ तर मी वरून घेतच नाही," हे त्यांनी तीनदा सांगितलं. शेवटी मुलगी म्हणाली, "आई आता फक्त भेंडीचे चिप्स खाते, मीच ऑनलाइन मागवते. हेल्दी असतात." म्हटलं, पाकीट घेऊन या.

दुसऱ्या दिवशी पाकीट टेबलावर आलं. दीडशे ग्रॅमचं, चेन असलेलं. मागच्या बारीक अक्षरांत 100 ग्रॅममागे ऊर्जा 540 किलोकॅलरी, फॅट 34 ग्रॅम, सोडियम 820 मिलिग्रॅम. 34 ग्रॅम फॅट म्हणजे चहाचे सात-साडेसात चमचे तेल. सोडियमला अडीचने गुणलं की मीठ कळतं, म्हणजे इथे दोन ग्रॅम. काकू टीव्हीपुढे अर्धं पाकीट संपवायच्या. त्यातून सुमारे 400 किलोकॅलरी आणि दीड ग्रॅम मीठ रोज पोटात जात होतं. मोठ्या माणसाला दिवसभराचं मीठ पाच ग्रॅमच्या आत पुरे, आणि आपल्या घरांत ते आमटी-भाजीतच ओलांडलं जातं. बीपीच्या माणसाने त्यावर आणखी दीड ग्रॅम खायचं?

याहून मला राग आला तो पुढच्या गोष्टीचा. सूज उतरावी म्हणून काकू शेजारणीची 'पाणी काढायची गोळी' घेत होत्या, मोबाइलवर कुणी तरी सांगितलेला काढाही चालू होता. त्या गोळीने रक्तातलं सोडियम-पोटॅशियम खाली जाऊ शकतं, उठताना चक्कर येते, म्हातारं माणूस न्हाणीघरात पडतं आणि खुब्याचं हाड मोडून बसतं. दुसऱ्याच्या नावावर लिहिलेली गोळी तुमच्यासाठी औषध नसते. काकूंची रक्ततपासणी केली, गोळ्या बदलल्या, पाकीट बंद केलं. काही आठवड्यांत बीपी उतरलं. गोळ्या बदलल्यामुळे सगळं श्रेय पाकीट सोडण्याला देणार नाही, पण ते चालू असतं तर मला औषध आणखी वाढवावं लागलं असतं.

त्या पाकिटावर 'शेंदेलोण वापरलं आहे' असंही ठळकपणे लिहिलं होतं. शेंदेलोण बीपीला चालतं, ही समजूत इतक्या घरांत आहे की सांगून थकलो. शेंदेलोण, सैंधव, हिमालयातलं गुलाबी मीठ, सगळं बहुतांशी सोडियम क्लोराइडच. उपवासाला जरूर वापरा, पण बीपीच्या रुग्णाला त्यात कसलीही सूट नाही. शिवाय त्यात बहुधा आयोडीनही मिसळलेलं नसतं.

मुलांच्या पालक स्टिक्स आणि व्हेजी रिंग्जची गोष्ट निराळी. त्यांत मुळात भाजीच नावाला असते. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावी लागते, म्हणजे पहिलं नाव ज्याचं, तो माल सर्वांत जास्त. तिथे तांदळाचं पीठ, मक्याचं पीठ, बटाट्याचं स्टार्च, पामतेल असं वाचत गेलात की पार शेवटी पालक पावडर सापडते. पाकिटावर पालकाचं चित्र किंवा नाव मिरवलं असेल, तर पालक किती टक्के आहे तेही छापावं लागतं. तो आकडा शोधा. 'बेक्ड' लिहिलं असलं तरी पीठ आणि मीठ तेच. आणि 'पर सर्व्ह'चा रकाना वाचून समाधान मानू नका, कारण तो बहुतेकदा 20-30 ग्रॅमचा असतो आणि तेवढ्यावर कुणी थांबत नाही. 100 ग्रॅमचा रकाना बघा.

आया सांगतात, "भाजी खातच नाही हो, निदान हे तरी खातो." चार वाजता त्याचं पोट पाकिटाने भरलं, तर आठ वाजता तो दुधी खाईल कशाला? अशा मुलांत मला दोन गोष्टी हटकून दिसतात, बद्धकोष्ठ आणि वाढतं वजन. मुलाच्या मानेवर, काखेत काळसर, जाडसर, मखमली पट्टा दिसत असेल तर कृपा करून तो डाळीच्या पिठाने घासू नका. तो मळ नव्हे. शरीरात इन्सुलिन नीट काम करत नसल्याची ती बऱ्याचदा खूण असते. मुलाला घेऊन या, वजन-उंची मोजू, रक्त तपासू. वेळेवर आलात तर पुष्कळ काही सुधारता येतं.

म्हणून घाबरूनही जाऊ नका. प्रवासात, पाहुण्यांबरोबर चार चिप्स खाल्ले म्हणून कुणाला काही होत नाही. ज्यांना बीपी-शुगर नाही, त्यांनी कधी तरी आवडीने खावेत, फक्त भाजीच्या हिशेबात धरू नयेत. पाकिटातलं सगळंच वाईट असंही नाही. बिनमिठाचे फ्रोझन मटार ही चांगली भाजी आहे, बिनधास्त वापरा. संध्याकाळी तोंडात टाकायला काकडी, गाजर, भाजलेले बिनमिठाचे चणे, उकडलेल्या शेंगा आहेत. ज्यांचं मूत्रपिंड अधू आहे, त्यांनी मात्र कुठलेच भाज्यांचे चिप्स डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नयेत. पाणी उडालं की पोटॅशियम थोड्याशा मालात एकवटतं, आणि मिठाचं ओझं वेगळंच.

बीपीच्या किंवा हृदयाच्या रुग्णाचं वजन दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं, घोट्याजवळ बोट दाबल्यावर खड्डा राहू लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. आडवं झाल्यावर दम लागत असेल, झोपायला दोनाच्या तीन उशा लागत असतील, रात्री श्वास कोंडून जाग येत असेल, तर सकाळची वाट पाहू नका. 108 ला फोन करा, रुग्णाला बसतं ठेवा आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, शेजाऱ्यांकडून आणलेल्या असतील त्यासुद्धा, पिशवीत घालून बरोबर न्या.