रक्ताचा कर्करोग आणि मज्जेची लावणी

तरव्यात रोग पडला तर शेतकरी काय करतो, हे मांद्र्याच्या वाचकांना आम्ही सांगायला नको. आधी औषध मारून पाहतो. तेवढ्याने भागले नाही तर तरवा मोडतो आणि दुसऱ्याकडची निरोगी रोपे आणून लावणी करतो. रक्ताच्या कर्करोगावरील अस्थिमज्जा रोपण हा उपचार बराचसा याच धर्तीचा आहे. दोघा-तिघांनी आम्हाला त्याविषयी विचारले, म्हणून आजचा पाठ त्यावर.

हाडांच्या आतल्या मऊ गराला मज्जा म्हणतात. रक्ताचा तरवा तो इथेच. मज्जेतील मूळ पेशींपासून तांबड्या पेशी, रोगजंतूंशी झगडणाऱ्या पांढऱ्या पेशी आणि रक्तस्राव थांबविणाऱ्या प्लेटलेट तयार होतात. ल्युकेमियात बिघडलेल्या पांढऱ्या पेशी तणासारख्या माजतात व चांगल्यांना जागा उरत नाही. जालीम औषधांनी हे तण मरते खरे, पण त्याबरोबर तरवाही जळतो. मग नवे रक्त यावे कोठून?

अमेरिकेत डॉ. डॉनाल थॉमस यांनी १९५७ साली सहा रोग्यांना दुसऱ्याची मज्जा दिल्याचे प्रसिद्ध केले. त्यांतील एकही शंभर दिवसांपलीकडे जगला नाही. पुष्कळांनी हा नाद सोडला, थॉमस यांनी सोडला नाही. देणारा व घेणारा यांच्या पेशींची खूण जुळली पाहिजे, हे पुढे कळले आणि रोगी वाचू लागले. १९९० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

त्यांच्या सिएटलच्या केंद्रात शिकून आलेले डॉ. सुरेश अडवाणी मुंबईच्या टाटा मेमोरियल इस्पितळात होते. आठव्या वर्षी पोलिओ झाल्यामुळे ते चाकाच्या खुर्चीवरून रोगी तपासत. वैद्यकीय शिक्षणाला प्रवेश मिळविण्यासाठीही त्यांना झगडावे लागले होते. २० मार्च १९८३ रोजी त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ल्युकेमिया झालेल्या नऊ वर्षांच्या मुलीला तिच्या भावाची मज्जा दिली. भारतातील हे पहिले यशस्वी मज्जारोपण. आता टाटाचे हे काम नवी मुंबईत खारघर येथे चालते.

यात रोग्यावर शस्त्रक्रिया नसते, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. आधी जालीम औषधांनी, कधी किरणांनीही, जुनी मज्जा मोडतात. मग मूळ पेशींची पिशवी रक्तासारखी शिरेतून चढवितात. त्या पेशी आपल्या आपण हाडांत जाऊन बसतात! रुजायला दोन ते चार आठवडे लागतात. तोवर रोग्याला साधी सर्दीही महाग पडते, म्हणून वेगळ्या खोलीत ठेवतात. नव्या पांढऱ्या पेशी लपून राहिलेल्या कर्करोगाला मारतात, हा मोठा लाभ. पण कधीकधी त्या रोग्याच्या कातडीवर, यकृतावर, आतड्यावरही उठतात. उपचार जोखमीचा आहे, हे आम्ही लपवीत नाही.

एका आईबापाच्या भावंडांत खूण पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक. आमच्या ओळखीच्या एका घरात लग्न झालेल्या बहिणीची खूण जुळली, पण सासरच्यांनी तीन महिने घोळ घातला. ती कायमची अधू होईल, तिला मूल होणार नाही, असे कोणी त्यांच्या मनात भरविले होते. हे साफ खोटे आहे. देणाऱ्याला चार-पाच दिवस इंजेक्शने देऊन दंडाच्या शिरेतून यंत्राने पेशी वेगळ्या काढतात, किंवा भूल देऊन कमरेच्या हाडातून मज्जा घेतात. काही दिवस अंग दुखते, मज्जा काही आठवड्यांत भरून येते. त्या तीन महिन्यांत भावाचा रोग मात्र वाढत राहिला.

भावंडांत जुळले नाही तरी वाट खुंटत नाही. आईबापांची अर्धी जुळणारी मज्जाही आता देता येते. दात्री या संस्थेकडे स्वेच्छेने देणाऱ्यांची नोंद असते व नोंदणीसाठी गालाच्या आतला पुसा पुरतो.

पावसाळ्यात ताप आला की आपल्याकडे मलेरिया, डेंग्यू किंवा चिखलातला लेप्टो यांचा संशय घ्यावा, तेच बरोबर. डेंग्यूतही प्लेटलेट उतरतात, तेव्हा घाबरून जाऊ नये. पण ताप पुनःपुन्हा येत असेल, माणूस फिका पडत असेल, मार न लागता काळेनिळे डाग दिसत असतील किंवा मानेत, काखेत गाठी आल्या असतील, तर दुकानातून गोळ्या आणून दिवस काढू नयेत. रक्तपेशींची साधी तपासणी कोठेही होते. पुढचे बांबोळीच्या गोमेकॉत विचारावे. गोव्यात न होणाऱ्या उपचारासाठी सरकारच्या मेडिक्लेम योजनेचे कागदही निघण्याआधीच तेथे विचारून घ्यावेत. मुंबईला जायचे ठरले तर सगळे जुने रिपोर्ट बरोबर असावेत, आणि जमल्यास सख्ख्या भावंडांनीही सोबत जावे, म्हणजे त्यांच्या रक्ताच्या तपासणीसाठी दुसरी खेप पडणार नाही.