फळ चांगलंच होतं, तरी खुडलं



आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय २, श्लोक ४७.

हा श्लोक आपल्यापैकी बहुतेकांना पाठ आहे. आपला अधिकार कर्मावर, फळावर नाही. पण गेल्या वर्षापासून या श्लोकातलं ‘फळ’ म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर एक खरंखुरं, हिरवं, लिंबाएवढं संत्रं येतं.

माझं आजोळ नरखेड तालुक्यात. नागपूरच्या संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्या संत्र्याचा हा जुना पट्टा, काटोल-नरखेडचा. मामाने जंबेरीच्या खुंटावर बांधलेली कलमं लावली होती. गेल्या वर्षी त्यांचं तिसरं वर्ष. जानेवारी-फेब्रुवारीत आंबिया बहाराची फुलं आली आणि एक छोटंसं झाड फळांनी अक्षरशः लगडलं. मी उन्हाळ्यात गेले तेव्हा मामा फळं खुडत होता. मी आडवी आले. “मामा, हे माझं झाड. याला हात नको लावू.” मामा हसला, म्हणाला, “ठीक आहे पोरी, तुयं झाड.”

फोटो काढला, स्टेटसला टाकला, खाली लिहिलं ‘देवाची कृपा’.

पावसाळ्यात फळं भरत गेली. मामाने बांबूचे टेकू दिले. तरी एका वादळी रात्री मुख्य फांदी बेचक्यातून चिरली. उरलेली फळं बारीकच राहिली. आणि यंदा आजूबाजूची झाडं फुलली, तेव्हा माझ्या झाडावर एक कळी नाही. शेंडे वाळलेले.

असं का होतं, ते मामाने समजावलं. झाडाने पानांत तयार केलेलं अन्न आधी फळं ओढून घेतात. मुळांना आणि नव्या फुटीला उरेल तेवढंच. मोठं झाड हे एखाद्या वर्षी सोसतं. लहान झाडाची मुळंच अजून पसरायची असतात. फ्लोरिडात मर्कॉट नावाची संत्र्यासारखी जात आहे. तिची झाडं एखाद्या वर्षी इतकी लगडतात, की मुळांतला स्टार्चचा साठा संपून चक्क मरतात. कीड नाही, दुष्काळ नाही, स्वतःच्याच फळांनी.

“झाडाले नाही म्हणता येत नाही,” मामा म्हणाला. “ते आपल्यालेच म्हणा लागते.”

या जूनमध्ये मग मी स्वतः कात्री घेतली. आपोआप होणारी फळगळ होऊन गेली, की उरलेल्यांची विरळणी करायची. आधी डागाळलेली आणि बारीक फळं. मग झुपक्यातलं एक ठेवून बाकीची. मग फांदीच्या टोकाची, कारण तिथलं ओझं फांदीला जास्त वाकवतं. अगदी लहान झाडावर एकही ठेवायचं नाही. माझ्या चिरलेल्या झाडाची सल काढली, जखमेवर बोर्डो मलम लावला. पाणी द्यायचं ते दुहेरी आळ्यातून, खोडाला न लागता.

डागाळलेलं फळ काढताना काही वाटत नाही. हात थांबतो तो चांगल्या फळापाशी.

इथे मला श्लोक नव्याने कळला. फळ नको म्हणून मामाने पाणी देणं थांबवलं नाही, उलट कामं वाढली. श्लोकाचा शेवटचा चरणसुद्धा आळसाला जागा देत नाही, तो अकर्माची ओढ सोडायला सांगतो. सोडायचं आहे ते फळावरचं ‘माझं’. ‘माझं झाड’ म्हणून मी जे वाचवलं, त्यानेच झाड मोडलं.

आणि खरं सांगू? तेव्हा माझंही तेच चाललं होतं. ऑफिस, रविवारचा मुलांचा संस्कार वर्ग, गुरुवारचं भजन, दोन पारायण ग्रुपची ॲडमिन. सगळी चांगलीच फळं! पण नामस्मरण मोबाईल बघत उरकायचं, आणि आईचा फोन दोन-दोन दिवस राहून जायचा. मूळ सुकत होतं, फांदी दिसायला भरलेली.

नरखेडहून आल्यावर मी दोन्ही ग्रुप दुसऱ्यांकडे सोपवले. वाईट वाटलं. पहिले काही दिवस कुणी विचारलंही नाही, त्याचं जास्त वाईट वाटलं. पण आता पहाटेचा अर्धा तास माझा आणि विठोबाचा आहे, आणि रात्री आईशी बोलणं होतं.

आजचा अभ्यास : आपण धरून ठेवलेल्या चांगल्या कामांची यादी करा. त्यातलं एक असं शोधा, जे मुळांचं अन्न खातंय. ते आज प्रेमाने दुसऱ्याच्या हाती द्या. जे उरेल, त्याला रोज पाणी घाला.

माझ्या झाडाला आता खालून नवी फूट आलीये. मामा म्हणतो, दोन वर्षं फळाचं नाव काढायचं नाही. मी ‘हो’ म्हटलंय.

राम कृष्ण हरी 🙏